बे एरियात फायरप्लेस पेटवण्याआधी

घरात फायरप्लेस आहे म्हणजे ती वाटेल तेव्हा पेटवता येते, हा समज सॅन फ्रान्सिस्को बे एरियात घर घेतलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांत पहिल्या हिवाळ्यापर्यंत टिकतो. डिसेंबरातली थंड, निरभ्र, वारा पडलेली रात्र शेकत बसायला उत्तम, आणि नेमकी त्याच रात्री लाकूड जाळायला बंदी असते. यात योगायोग नाही. बंदी येते ती त्याच हवेमुळे.

अशा रात्री जमीन भराभर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण बसतं. धुराड्यातून निघालेला धूर वर जाऊन पांगत नाही. छपरांच्या उंचीवर पसरतो आणि तिथेच थांबतो. सॅन होजेचं खोरं, लिव्हरमोर, डब्लिन, नापा, मरीनमधली सॅन जेरोनिमो दरी अशा वाटीसारख्या जागांत हे जास्त होतं. त्यात पूर्वेकडून मंद वारा असला, तर सेंट्रल व्हॅलीतली मळकट हवा कार्किनेझच्या सामुद्रधुनीतून इकडे सरकते. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण पीएम २.५ या वर्गातले, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक असतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. बे एरियात हिवाळ्यातल्या हवेच्या प्रदूषणाचा सगळ्यात मोठा वाटा लाकडाच्या धुराचाच आहे.

नियम काय म्हणतो

नऊ काउंट्यांची हवा सांभाळणारं बे एरिया एअर डिस्ट्रिक्ट १९५५ साली स्थापन झालं (सोलानो आणि सोनोमा या दोन काउंट्यांचा काही भागच त्यात येतो). लाकूड जाळण्याबद्दलचा त्यांचा नियम, रेग्युलेशन ६ मधला रूल ३, जुलै २००८ मध्ये आला, २०१५ मध्ये कडक झाला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये वर्षभरासाठी लागू झाला. त्याआधी बंदी फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी असायची. वणव्यांच्या धुराने ती चौकट मोडली. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तर सलग ३० दिवस हवा बिघडल्याचा अलर्ट होता.

नियमाचा गाभा एका वाक्याचा आहे: सूक्ष्म कणांसाठी ‘स्पेअर द एअर’ अलर्ट लागू असेल त्या दिवशी लाकूड, तयार फायरलॉग, पेलेट (दाबलेल्या भुशाच्या गोळ्या) किंवा कुठलंही घन इंधन घरात वा घराबाहेर जाळायचं नाही. पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ३५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या केंद्रीय मर्यादेपुढे जाईल असा अंदाज असला की अलर्ट येतो.

लोक चुकतात ते बारकाव्यांत.

‘माझा स्टोव्ह ईपीए-प्रमाणित आहे, मला चालतं’ हा सगळ्यात सर्रास गैरसमज (ईपीए ही अमेरिकेची केंद्रीय पर्यावरण संस्था, कमी धूर करणाऱ्या स्टोव्हना ती प्रमाणपत्र देते). बे एरियात अलर्टच्या दिवशी प्रमाणित स्टोव्हही बंद आणि पेलेट स्टोव्हही बंद. प्रमाणपत्राचा उपयोग इतर दिवशी, किंवा घर तापवायचं दुसरं साधनच नसेल तर. दुसरा गैरसमज ड्युराफ्लेमसारख्या फायरलॉगचा. मेण आणि लाकडाचा भुसा यांचा तो ओंडका लाकडापेक्षा कमी धूर करतो हे खरं, पण तोही घन इंधनच. तिसरा अंगणातल्या फायरपिटचा. बाहेर आहे म्हणून तो सुटत नाही. प्रोपेनवर चालणारा असेल तर सुटतो. गॅसची आणि विजेची फायरप्लेस या नियमात येत नाही.

उलटही एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात येणारा प्रत्येक ‘स्पेअर द एअर’ अलर्ट लाकडासाठी नसतो. कडक उन्हाच्या दिवसांतला अलर्ट बरेचदा ओझोनसाठी असतो. अलर्ट ओझोनचा की कणांचा, एवढं वाचून घ्यायचं. होळी बहुधा मार्चमध्ये येते, म्हणजे हिवाळ्याचा हंगाम संपलेला असतो, पण नियम आता बारमाही आहे. त्यामुळे मंडळाच्या होळीच्या दिवशी सकाळी अलर्ट बघणं हे कार्यकर्त्यांच्या यादीत असायलाच हवं. फायर डिपार्टमेंटची आणि पार्कची परवानगी ही वेगळी कामं. एक मिळाली म्हणून दुसरं माफ होत नाही.

अलर्ट आदल्या दिवशी जाहीर होतो आणि मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत चालतो. म्हणजे आज संध्याकाळी पेटवलेली आग उद्याच्या अलर्टसाठी १२ च्या आत विझलेली हवी. ओकचा जाड ओंडका १० वाजता टाकलात तर तो बारानंतरही धुमसत राहणार. शेवटचं लाकूड ८ च्या सुमारास टाकावं, १० नंतर निखारे फावड्याने पसरून ठेवावेत. पाणी ओतू नये: वाफेबरोबर राख खोलीभर उडते आणि तापलेल्या विटा तडकतात. आणि राख पूर्ण थंड होईपर्यंत डँपर (धुराड्याची झडप) बंद करू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो आणि त्याला वास नसतो. कॅलिफोर्नियात स्वतंत्र घरांना या वायूचा डिटेक्टर १ जुलै २०११ पासून सक्तीचा आहे. तो भिंतीवर आहे की नाही याच्याइतकंच त्याची मुदत संपली आहे का, हेही बघा.

सवलती मोजक्याच आहेत. वीज किंवा गॅस गेला आणि उबेचं दुसरं साधन नसेल तर जाळता येतं. वणव्याच्या भीतीने वीज कंपनी तारा बंद करते तेव्हा ही सवलत कामाची. घराचा हीटर बिघडला तर दुरुस्तीपुरती ३० दिवसांची सवलत मिळते. आणि लाकूड हेच घर तापवायचं एकमेव साधन असेल तर चालतं, पण मग स्टोव्ह ईपीए-प्रमाणित आणि एअर डिस्ट्रिक्टकडे नोंदवलेला हवा. उघडी फायरप्लेस दाखवून ‘हेच आमचं एकमेव साधन’ म्हणता येत नाही.

पहिल्यांदा सापडलात तर लाकडाच्या धुरावरचा एक छोटा अभ्यासक्रम करायचा किंवा १०० डॉलर भरायचे. दुसऱ्यांदा ५०० डॉलर, पुढे रक्कम वाढत जाते. अभ्यासक्रम ऑनलाइन होतो, तोच घ्यावा.

अलर्ट नसलेल्या दिवशीही मोकळं रान नाही. पेटवतानाची पहिली २० मिनिटं सोडली तर धुराड्यातून दाट धूर निघता कामा नये. मर्यादा २० टक्के अपारदर्शकतेची आहे, म्हणजे धुराआडचं झाड साधारण स्पष्ट दिसलं पाहिजे. कचरा, प्लॅस्टिक, रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड, पार्टिकल बोर्ड, चकचकीत रंगीत कागद, ओलं लाकूड हे कधीच जाळायचं नाही. समुद्रकिनाऱ्यावरून उचलून आणलेलं लाकूडही नाही; त्यातल्या मिठाच्या क्लोरीनमुळे धूर जास्त विषारी होतो. दिवाळीनंतर साचलेली खोकी आणि भेटवस्तूंचे कागद फायरप्लेसमध्ये ढकलायचा मोह आवरावा.

घर घेताना, भाड्याने देताना, दुरुस्त करताना

२०१६ पासून घर विकताना किंवा भाड्याने देताना लाकडाच्या धुराच्या धोक्याची लेखी माहिती द्यावी लागते. घरखरेदीच्या (एस्क्रोच्या) कागदांच्या जुडग्यात हे पान असतं आणि सह्या करताना कोणी वाचत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे धुराड्याची तपासणी. नेहमीचा होम इन्स्पेक्टर टॉर्च मारून ‘तज्ज्ञाकडून बघून घ्या’ असं लिहितो, तेवढंच. अग्निसुरक्षेचं एनएफपीए २११ हे मानक घर हस्तांतरित होताना दुसऱ्या पातळीची तपासणी सांगतं, ज्यात धुराड्यात कॅमेरा सोडतात. इथे ती विशेष गरजेची, कारण जुनी विटांची धुराडी भूकंपात छपराच्या रेषेवर तडकतात आणि आतल्या मातीच्या नळ्यांचे सांधे सुटतात. १९८९ च्या लोमा प्रिएटा आणि २०१४ च्या नापा भूकंपात हेच झालं. बाहेरून गिलावा नीट दिसतो. आतल्या भेगेतून ठिणगी लाकडी चौकटीपर्यंत जाते.

नवीन बांधकामात १ नोव्हेंबर २०१६ पासून लाकूड जाळणारं कुठलंही उपकरण बसवता येत नाही. जुन्या फायरप्लेसचं किंवा धुराड्याचं काम १५,००० डॉलरपेक्षा जास्त खर्चाचं असेल आणि त्याला बिल्डिंग परमिट लागत असेल, तर तिथे गॅस, वीज किंवा ईपीए-प्रमाणित उपकरणच बसवावं लागतं. आणि ज्या भागात पाइपचा गॅस आहे तिथे भाड्याच्या घराला लाकडाशिवाय उबेची सोय असणं २०१८ पासून मालकावर बंधनकारक आहे.

पेटवायचीच असेल तर

माझं मत आधी सांगते: उघडी फायरप्लेस हे घर तापवायचं साधन नाही. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते. बाकीची वर जाते आणि जाताना घराच्या हीटरने तापवलेली हवाही ओढून नेते. थर्मोस्टॅट त्याच खोलीत असेल तर तो ‘घर गरम झालं’ समजून हीटिंग बंद करतो आणि मागच्या बेडरूम गारठतात. म्हणजे जे काही आहे ते हौसेपुरतं. हौस करायला हरकत नाही, फक्त ती नीट करावी.

लाकूड सुकं हवं, २० टक्के ओलाव्याच्या आत. बे एरियात विकलं जाणारं लाकूड सुकं की ओलं याची चिठ्ठी त्यावर असावी लागते, पण चिठ्ठीवर विसंबू नका. दोन सुयांचा ओलावामापक २०-३० डॉलरला मिळतो. ओंडक्याच्या टोकाला किंवा सालीवर मापू नका, तिथे तो नेहमीच सुका दाखवतो. ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर, मधोमध, रेषांच्या दिशेने सुया टोचा. ओक सुकायला एक ते दोन वर्षं लागतात. बदामाचं लाकूड इथे बागांमुळे सहज मिळतं आणि छान जळतं. ओल्या लाकडाची बरीच ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते, धूर थंडच वर चढतो, आणि धुराड्याच्या भिंतीवर त्यातलं डांबर, म्हणजे क्रिओसोट, चिकटतं. हा थर १/८ इंच झाला की धुराडं साफ करून घ्यायचं. तो पेटला तर धुराड्याच्या आतच आग लागते.

विकत घेताना हिशेब कॉर्डमध्ये करा. एक कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब असा नीट रचलेला ढीग, १२८ घनफूट. कॅलिफोर्नियात मोठ्या प्रमाणावरचं सरपण कॉर्डमध्ये किंवा तिच्या हिश्शातच विकायचा नियम आहे. ‘एक ट्रक भरून’ हे माप नाही. साध्या पिकअपमध्ये अर्धी कॉर्डही जेमतेम मावते. आधी रचून मापा, मग पैसे द्या.

पेटवण्याची पद्धत वरून खाली. तळाला दोन-तीन जाड, फोडलेली लाकडं, मध्ये बोटभर हवा. त्यावर मनगटाएवढी चार-पाच, आडवी. त्यावर काटक्या, आणि सगळ्यात वर मेणाचा किंवा भुशाचा पेटवण. आग वरून खाली उतरते, त्यामुळे निघालेला धूर ज्वाळेतून जाताना जळतो, आणि सुरुवातीचा पांढरा लोट बराच कमी होतो. आपण चुलीसाठी खाली काटक्या आणि वर लाकडं रचतो. चुलीला ते ठीक, कारण तिथे भांडं तापवायचं असतं. इथे धूर कमी करायचा आहे.

डँपर पूर्ण उघडा आणि काडी लावण्याआधी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी अर्धा मिनिट धरा. गार धुराड्यात थंड हवेचा खांब अडकलेला असतो. तो खाली ढकलत असताना पेटवलंत तर पहिला धूर खोलीत येणारच. बाहेरच्या भिंतीवर असलेलं धुराडं यात सगळ्यात हट्टी.

आता एक खास मराठी घरातलं कारण. पेटवल्यावर सगळं ठीक चाललेलं असतं आणि अचानक धूर घरात उलटतो. स्वयंपाकघरात बघा: फोडणीसाठी हुड पूर्ण वेगाने चालू असतो. मोठा हुड मिनिटाला चारशे-सहाशे घनफूट हवा बाहेर फेकतो. घर घट्ट बंद असलं की ती हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि सगळ्यात रुंद भोक धुराड्याचं असतं. कपड्यांचा ड्रायर आणि बाथरूमचा पंखा याचंच छोटं रूप. फायरप्लेस चालू असताना हुड बंद ठेवा, किंवा फायरप्लेसजवळची एक खिडकी इंचभर उघडा. भाकरी-फोडणी आटोपल्यावरच पेटवणं सगळ्यात सोपं.

फायरलॉग वापरत असाल तर एका वेळी एकच. त्यावर लाकूड टाकू नका आणि सळईने ढोसू नका. तो मेणाचा आहे. फुटला तर एकदम भडकतो. लाकूड जाळणाऱ्या बंद स्टोव्हमध्ये साधा फायरलॉग घालायचा नसतो.

धुराड्याच्या टोकाला ठिणगीरोधक जाळी हवी. तिची भोकं ३/८ इंचापेक्षा लहान नकोत (काजळीने बुजतात) आणि १/२ इंचापेक्षा मोठी नकोत. झाडाची फांदी टोकापासून १० फुटांच्या आत नको. राख धातूच्या, घट्ट झाकणाच्या बादलीत, घरापासून दूर, काही दिवस. कागदी पिशवीत भरून गराजमध्ये ठेवलेल्या राखेने घरं जळतात, कारण राखेत पुरलेला निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो.

बदलायची असेल तर

आधी फायरप्लेस कुठल्या जातीची आहे ते बघा. विटांची असेल तर बरेच पर्याय आहेत. ऐंशीनंतरच्या घरांत आणि टाउनहाउसमध्ये मात्र बहुधा कारखान्यात बनलेली पत्र्याची पेटी असते, आत विटांसारखी दिसणारी पातळ पॅनेल बसवलेली. तिच्यात कुठलाही इन्सर्ट (फायरप्लेसच्या आत बसवायचं तयार उपकरण) चालत नाही. त्या प्रकारच्या पेटीसाठी मान्यता असलेलाच लागतो.

गॅसमधला सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे खोटे ओंडके. दिसायला छान, पण डँपर कायम उघडा ठेवणारी क्लँप लावावी लागते, म्हणजे वर्षभर धुराडं उघडं. धुराड्याशिवाय चालणारे गॅसचे ओंडके ऑनलाइन दिसतील, ते कॅलिफोर्नियात घरात लावायला बंदी आहे. काही फायरप्लेसमध्ये भोकं पाडलेली एक गॅसची नळी असते, ती लाकूड पेटवण्यापुरती. खोटे ओंडके तिच्यावर चालवू नका.

डायरेक्ट व्हेंट गॅस इन्सर्ट हा खरा बदल: समोर बंद काच, धुराड्यातून दोन लवचीक नळ्या, एक धूर बाहेर नेणारी, एक बाहेरची हवा आणणारी. घरातली हवा ओढली जात नाही, त्यामुळे हुडचं भांडणही संपतं. मोजमाप देताना उघड्या भागाची पुढची आणि मागची रुंदी, उंची, खोली अशी चारही मापं द्या. मागची बाजू अरुंद असते आणि तिथेच इन्सर्ट अडतो. शहराचं परमिट लागतं. काच चटका बसण्याइतकी तापते. २०१५ पासूनच्या मॉडेलना पुढे संरक्षक जाळी येते. दिसायला बरं म्हणून ती काढून ठेवू नका, घरात रांगतं मूल असेल तर नक्कीच नाही.

विजेचा इन्सर्ट १,५०० वॉटचा असतो, म्हणजे १२० व्होल्टवर १२.५ अँपिअर. त्याच सर्किटवर दुसरं काही मोठं लावलं की ब्रेकर पडणार. युनिटला ४० सेंट धरले तर तासाला ६० सेंट. एका खोलीपुरतं ठीक.

काहीच करायचं नसेल तर धुराड्याच्या नळीत फुगवायचा फुगा किंवा लोकरीचं बूच बसवा आणि त्याची लाल चिठ्ठी समोर लोंबती ठेवा, म्हणजे पाहुणे न बघता पेटवणार नाहीत. बंद डँपरसुद्धा फटींतून बरीच हवा सोडतो. हे पन्नास-साठ डॉलरचं काम हीटिंगच्या बिलात परत मिळतं.

डोंगर ओलांडला की नियम बदलतो

ट्रेसी किंवा माउंटन हाउसला घर घेतलंत तर तुम्ही बे एरिया एअर डिस्ट्रिक्टच्या बाहेर, सॅन वाकिन व्हॅलीच्या हद्दीत आलात. तिथे दोन पायऱ्या आहेत: पहिल्या पायरीला नोंदणी केलेली स्वच्छ उपकरणं चालतात, दुसऱ्या पायरीला काहीच नाही. घर विकताना प्रमाणपत्र नसलेला जुना स्टोव्ह तसाच सोडता येत नाही. फॉल्सम, एल्क ग्रोव्ह सॅक्रामेंटोच्या हद्दीत येतात, तिथे चार पायऱ्या. अल्टामाँटच्या डोंगराअलीकडच्या मित्राने ‘आज बंदी नाही’ म्हटलं, ते पलीकडे लागू होत नाही.

बे एरियातला दिवसाचा निर्णय १-८७७-४६६-२८७६ या फोनवर ऐकता येतो. शेजाऱ्याच्या धुराची तक्रारही तिथेच करता येते, अलर्ट नसताना दाट धूर येत असेल तरीही. तक्रार करताना पत्ता, वेळ आणि धूर नेमका कुठल्या धुराड्यातून येतोय हे सांगा; ‘आमच्या गल्लीत वास येतो’ एवढ्यावर निरीक्षकाला काही करता येत नाही.